तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर: आंतरवासितेला निघालेल्या छात्रशिक्षकांसाठी

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आलेली मुलंमुली आंतरवासितेबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाबद्दल, बोलायला लागली की बहुतेक आकडेच कानावर पडतात. किती पाठ झाले, किती राहिले, निरीक्षणं किती लिहायची, कुणाची सही बाकी आहे. त्यांचा तरी काय दोष? 2015 पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतला काळ एकूण 20 आठवड्यांवर गेला आणि त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षात आले. एवढ्याचा हिशेब ठेवायचा तर फाइली वाढणारच. मी नाशिकमधल्या मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि दरवर्षी माझ्या तासांना छात्रशिक्षक बसतात. त्यातले जे डोळ्यांदेखत सुधारतात त्यांची एक सवय सारखी असते. ते घेतलेला पाठ तिथेच सोडून देत नाहीत, दुरुस्त करून पुन्हा घेतात.

पहिल्या वर्षी तुम्ही सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे थोड्या मुलांसमोर घेतलेल्या काही मिनिटांच्या छोट्या पाठात, हेच केलेलं असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी 1963 च्या सुमारास ही पद्धत सुरू केली आणि आपल्याकडे तिचं 36 मिनिटांचं चक्र रूढ झालं. 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), 12 मिनिटं पुनर्नियोजन, मग 6 मिनिटं तोच पाठ पुन्हा आणि 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. सगळ्यात जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय हे लक्षात घ्या. खऱ्या शाळेत पाऊल टाकलं की नेमकी हीच 12 मिनिटं गायब होतात. पाठ घेतला, शेरा मिळाला, चला पुढचा घटक. ती 12 मिनिटं शाळेत परत कशी आणायची, ते पुढे सांगतो.

रुजू होताना काय मागायचं

शाळेत हजर झाल्यावर पर्यवेक्षक वेळापत्रक पुढे करतात आणि आपण मुकाट्याने मिळेल ते घेतो. तसं करू नका. नम्रपणे एक विनंती करा: ‘सर, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या मिळाल्या तर बरं होईल. 6 अ आणि 6 ब, किंवा 8 ब आणि 8 क.’ शहरातल्या बऱ्याच शाळांत एका इयत्तेच्या दोन-चार तुकड्या असतात, त्यामुळे ही मागणी सहसा कुणाला जड जात नाही. दोन्ही तुकड्यांचे तास एकाच दिवशी लागोपाठ नसतील तर उत्तमच, मध्ये एक रात्र मिळते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या एखाद्या शाळेत नेमणूक झाली असेल तर इयत्तेला एकच तुकडी असण्याची शक्यता जास्त. तिथे पुढच्या तासाची पहिली 10 मिनिटं आदल्या दिवशी अडलेल्या जागेसाठी राखून ठेवा. किंवा तुमच्याच विषयाचा जोडीदार त्याच शाळेत असेल तर तुम्ही सातवीला घेतलेला पाठ त्याने वाचावा आणि त्यातलं अडलेलं ठिकाण आठवीच्या उजळणीत घेऊन पाहावं.

पहिले काही दिवस शेवटच्या बाकावर बसून नुसतं बघण्यात जातात. ते वाया गेले असं छात्रशिक्षकांना वाटतं, कारण निरीक्षण वहीत ‘शिक्षकांनी विषय सोपा करून सांगितला’ यापलीकडे काही लिहिलं जात नाही. त्यापेक्षा एका कागदावर वर्गाचा नकाशा काढा: बाकांच्या रांगा, मुलं कुठे, मुली कुठे. कुणी उत्तर दिलं की त्या बाकावर एक काडी. तासाच्या शेवटी कागद उचलून पाहा. समोरच्या दोन रांगांत आणि मधल्या ओळीत काड्यांची गर्दी असते आणि खिडकीकडची शेवटची तीन बाकं कोरी. वर्गात कोण किती बोलतं हे मोजणारी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असेल. तिच्यात दर 3 सेकंदांनी नोंद आहे आणि दहा वर्ग आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे, एक शांतता किंवा गोंधळाचा. एकट्याला एवढं जमत नाही. दर मिनिटाला ‘शि’, ‘मु’ किंवा ‘शां’ लिहिलंत तरी तास कोणाच्या तोंडून चालला ते कळतं.

याच दिवसांत मुलं कुठून येतात ते विचारून घ्या. सातपूर-अंबडच्या शाळेत घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी बरीच मुलं भेटतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातून आलेल्या घरांत अहिराणी असते, सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींची कोकणी. ‘खरेदी किंमत’ हा शब्द माहीत नसणं आणि खरेदी-विक्री न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातलं नेमकं काय अडलंय हे मुलाच्या घरची भाषा माहीत असेल तरच ओळखता येतं. वेळापत्रक ठरवतानाही स्थानिक पंचांग बघा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे आणि नवरात्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेमुळे वर्ग रोडावतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं कामाला उतरतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. अशा आठवड्यात नवीन घटकाची सुरुवात ठेवू नका.

टाचणात एकच उद्दिष्ट, पण धड

पाठ टाचणाचा, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याचा, नमुना महाविद्यालय देतं, तो त्यांच्या पद्धतीनेच भरा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझं सांगणं फक्त उद्दिष्टाच्या रकान्याबद्दल आहे. तिथे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी चारही घरं भरलेली असतात आणि खाली ‘विद्यार्थ्यांना शेकडा नफा समजतो’ असं वाक्य. समजतो की नाही हे तुम्ही कसं पाहणार? त्याऐवजी असं लिहा: ‘दोन वेगवेगळ्या व्यवहारांतला नफा रुपयांत सारखा असला तरी शेकडा नफा वेगळा का, हे विद्यार्थी उदाहरण देऊन सांगतो.’ आता तासाच्या शेवटी तपासायला काहीतरी हाताशी आहे.

त्याखाली पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहा. नमुन्यात ती नसते, मी मात्र माझ्या छात्रशिक्षकांकडून हट्टाने लिहून घेतो: ‘मुलं इथे काय चुकतील?’ शेकडा नफ्यात मुलं दोन ठिकाणी चुकतात. एक तर रुपयांतला नफा हाच शेकडा नफा धरतात, नाहीतर खरेदी किमतीऐवजी विक्री किमतीने भागतात. हे आधी माहीत असेल तर चुकीचं उत्तर आल्यावर तुम्ही गडबडत नाही, उलट त्याची वाट बघता. चुका कुठून शोधायच्या? त्याच शाळेच्या मागच्या वर्षीच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका मागा. पाठ्यपुस्तकापेक्षा त्या जास्त शिकवतात.

‘दहा!’ म्हणणारा मुलगा

आता प्रत्यक्ष तास. सहावीचा वर्ग, साठेक मुलं, बाहेर पाऊस. छात्रशिक्षक फळ्यावर लिहितो: द्राक्षं किलोला 40 रुपयांनी घेतली, 50 रुपयांनी विकली. शेकडा नफा किती?

तिसऱ्या बाकावरून आवाज येतो, ‘दहा!’

इथे दहातले आठ-नऊ जण म्हणतात, ‘नाही. अजून कोण सांगेल?’ हात वर होतात, पहिल्या बाकावरची मुलगी ‘पंचवीस’ म्हणते, ‘शाब्बास’ होतं आणि पाठ पुढे सरकतो. फळ्यावर उत्तर बरोबर आहे, निरीक्षकाच्या वहीत ‘विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला’ अशी नोंद झाली आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या डोक्यात मात्र अजून दहाच आहे, आणि जोरात उत्तर द्यायचं नाही एवढी एक नवी गोष्ट तो शिकलाय.

दुसरा रस्ता असा. ‘दहा’ फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, पुसू नका.

‘दहा कशावरून रे?’
‘पन्नास वजा चाळीस, सर.’
‘बरोबर, नफा दहा रुपये झाला. आता दुसऱ्याने शंभरला घेतली आणि एकशेदहाला विकली. त्याचा नफा?’
‘दहाच.’
‘मग दोघांचा धंदा सारखाच झाला?’

आणि आता गप्प बसा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ 3 सेकंदांच्या पुढे गेली की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. 3 सेकंद लिहायला सोपे आहेत. 60 मुलांसमोर, मागे मार्गदर्शक शिक्षक बसलेले असताना ते संपता संपत नाहीत. मनात आकडे मोजा, हवं तर हातातला खडू टेबलावर ठेवून द्या. पण तोंड उघडू नका.

बहुतेक वेळा वर्गात कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी बोलतं, ‘नाही सर, चाळीसवाला भारी. कमी पैशात दहा कमावले.’ ज्याच्या घरचं कुणी पंचवटीच्या मार्केट यार्डात जातं असं पोर वर्गात असेल तर हे आणखी लवकर येतं. मग वर्गालाच विचारा: चाळीसवर दहा, ऐंशीवर किती? वीस. मग शंभरवर? इथे पंचवीस येतं ते मुलांच्या तोंडून येतं, सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहायचं. कोपऱ्यातल्या ‘दहा’कडे बोट दाखवून त्याच मुलाला शेवटी विचारायचं, ‘हे दहा काय होतं?’ ‘रुपये, सर.’ झालं.

यात पाठाची ठरलेली गती बिघडते. टाचणात लिहिलेल्या पाच उदाहरणांपैकी दोनच होतात, मूल्यमापनाचे प्रश्न घाईत उरकावे लागतात. होऊ द्या. पाठ वेळेत ‘संपवणं’ हा आपल्या प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त कौतुक होणारा आणि सगळ्यात कमी कामाचा गुण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची चार मिनिटं मात्र राखून ठेवा. अर्ध्या कागदाची चिठ्ठी, त्यावर एकच उदाहरण, नाव लिहून परत. गुण नाहीत. 80 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर शेकडा नफा किती आणि का? ‘20’ लिहिणारी किती, ‘25’ लिहिणारी किती, आणि ‘का’पुढे जागा कोरी सोडणारी किती, असे तीन गठ्ठे करायला मधली सुट्टी पुरते. इथे 20 म्हणणारी दोन प्रकारची असतात: रुपयांतला नफाच लिहिणारी आणि विक्री किमतीने भागणारी. ‘का’ विचारल्याशिवाय हा फरक कळत नाही. दोघांना समजावण्याची वाट वेगळी आहे.

तास संपल्यावर

स्टाफ रूममध्ये जाऊन चहा घेण्याआधी वहीत चार ओळी लिहा. रात्री घरी लिहू म्हणालात की तपशील उडून जातो आणि उरतं ते ‘पाठ चांगला झाला, वर्गनियंत्रण सुधारायला हवे’. अशी वाक्यं दैनंदिनीत पानोपानी सापडतात आणि कुणाच्याच कामाची नसतात. असं लिहा: ‘शंभरच्या उदाहरणावर थांबले तेव्हा डावीकडची रांग बोलली, उजवीकडे शांतता. दुसरा प्रश्न मीच अर्धा सांगून टाकला. शेवटच्या बाकावरच्या मुलीने चिठ्ठी कोरी दिली, तिला वाचायला अडतंय का ते बघायचं.’

या नोंदींत कर्ता कोण आहे तेही अधूनमधून तपासा. फ्रान्सिस फुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1969 मध्ये मांडलं होतं की नव्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते आणि अनुभवाबरोबर मुलांकडे वळते. सुरुवातीला मी कसा दिसतो, मला प्रश्न विचारला तर, सर काय म्हणतील, हेच मनात असतं आणि ते स्वाभाविक आहे. पण दहाव्या आठवड्यातल्या पानावरही प्रत्येक वाक्य ‘मी’नेच सुरू होत असेल आणि एकाही मुलाचं नाव येत नसेल, तर कुठेतरी अडकलं आहे असं समजा.

दुसरी तुकडी

आता ब तुकडी. रात्री टाचणात एकच बदल करा. दोन नाही. उदाहरणं, फलकलेखन, साहित्य, प्रश्नांचा क्रम असं सगळंच बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. वरच्या पाठात समजा पहिलंच उदाहरण बदललंत: एका व्यवहाराऐवजी सुरुवातीलाच दोन व्यवहार शेजारी शेजारी मांडले आणि ‘कुणाचा धंदा चांगला?’ असं विचारलंत. बाकी तसंच ठेवा. शेवटी तीच चिठ्ठी, तेच तीन गठ्ठे.

यात एक चकवा आहे. दुसऱ्यांदा घेतलेला पाठ नेहमीच सफाईदार वाटतो, कारण तुमचं तोंड बसलेलं असतं. ती सफाई तुमची, मुलांना काय कळलं ते चिठ्ठीच सांगेल. शिवाय अनेक शाळांत तुकड्या गुणांवरून पाडलेल्या असतात, त्यामुळे अ आणि ब मधल्या बरोबर उत्तरांची संख्या समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नका. चुकांचा प्रकार बदलला का ते बघा. अ तुकडीत रुपयांतला नफाच लिहिणारी मुलं जास्त होती आणि ब मध्ये ती कमी होऊन विक्री किमतीने भागणारी उरली, तर तुमच्या बदलाने निम्मं काम केलं. उरलेल्या निम्म्यासाठी परत अ तुकडीत उजळणीच्या तासाला संधी आहेच.

सगळ्या पाठांना हे शक्य नाही. आठवड्याला एका पाठाचं असं चक्र पूर्ण झालं तरी भरपूर.

मार्गदर्शक शिक्षकांकडून काढून कसं घ्यायचं

‘सर, पाठ कसा झाला?’ या प्रश्नाला ‘छान झाला’ हेच उत्तर मिळतं. सरांना पुढच्या तासाला जायचं असतं, वर यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, कुणाकडे बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. त्यांच्याकडून उपयोगाचं काही हवं असेल तर तासाआधीच एक ठरावीक गोष्ट बघायला सांगा: ‘मॅडम, प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते एवढंच बघाल का?’ किंवा ‘खिडकीकडच्या रांगेला मी किती वेळा विचारतो, काड्या माराल का?’ मग दोन मिनिटांच्या गप्पांतही नेमकं हाती लागतं. सहाध्यायी निरीक्षणाचंही तेच. मैत्रिणीने मैत्रिणीला चांगले शेरे द्यायचे हा आपला अलिखित करार असतो. काड्या मारायला सांगितल्या की तो आपोआप मोडतो आणि मैत्रीही टिकते.

महाविद्यालयाचे प्राध्यापक निरीक्षणाला येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी त्याच वर्गावर तोच पाठ घेऊन मुलांना उत्तरं पढवून ठेवायची, रंगीत तक्ते लावायचे, हे सर्रास चालतं. पुन्हा घेणं म्हणजे हे नव्हे. मुलांना तो तमाशा लगेच कळतो, आणि ज्या दिवशी तुम्हाला तज्ज्ञ नजर मिळणार होती तो दिवस तुम्ही स्वतःच फुकट घालवता. अडणारा पाठ त्यांच्यासमोर घ्या.

शिक्षक रजेवर असले की ‘जा हो, आठवी क ला ऑफ तास आहे’ असं फर्मान येतं. कुरकुर करू नका, पण नुसती हजेरी राखायलाही जाऊ नका. निरीक्षक नाही, टाचण नाही, अशा तासाइतकी मोकळी जागा पुन्हा मिळत नाही. थांबण्याचा सराव इथेच करा.

गोंधळ, शिक्षा, फोटो

‘बी.एड.चे सर आले’ म्हटल्यावर वर्ग सैल होतो, कारण गुण तुमच्या हातात नाहीत हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. आवाज चढवून ही लढाई जिंकता येत नाही. पहिल्या आठवड्यात हजेरीपटावरून नावं पाठ करा. ‘ए निळी बॅग’ आणि नावाने हाक मारणं यातला फरक वर्गाला लगेच समजतो. फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ फिरवू नका, आणि सूचना देताना सगळे शांत होईपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका.

अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर टोचून बोलणं हे जुन्या शिक्षकांपैकी कुणी करताना दिसलं तरी तुमच्यासाठी नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे आणि छात्रशिक्षक आहे म्हणून त्यातून सूट नाही. मोबाइलचंही सांगून ठेवतो: पाठाचे फोटो फाइलला लागतात, ते मुख्याध्यापकांना विचारून, शक्यतो मुलांच्या पाठीमागून काढा. स्टेटसला मुलांचे चेहरे टाकू नका.

फाइल आणि शेवटचा आठवडा

कृतिसंशोधनासाठी, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण सोडवून पाहण्याच्या प्रकल्पासाठी, बाहेरून विषय शोधत बसू नका. तीन गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या आणि अ-ब तुकड्यांच्या नोंदी जपून ठेवल्या असतील तर समस्या, कारणं, उपाय आणि आधी-नंतरची माहिती हे सगळं तुमच्याकडे तयार आहे. तयार प्रबंध विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, तोंडी परीक्षेत ते दोन प्रश्नांत उघडे पडतात.

शेवटच्या आठवड्यात नवीन पाठ कमी ठेवा. तपासायला घेतलेल्या वह्या आणि चाचणीचे पेपर परत करा, गुणांची यादी विषय शिक्षकांकडे द्या, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेतून घेतलेलं साहित्य जमा करा. ज्या मुलांसाठी काही सुरू केलं होतं त्यांची नावं आणि ती कुठपर्यंत आली हे एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांना द्या. हा कागद कोणी मागत नाही, तरी द्या. आंतरवासितेच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का शनिवारच्या आत घ्या, कारण शाळेतला शेवटचा दिवस निरोप समारंभात जातो आणि त्या गडबडीत शिक्का नेमका कपाटात बंद असतो. अ आणि ब तुकडीवर घेतलेल्या त्याच पाठाच्या दोन्ही टाचणांची झेरॉक्स, पेन्सिलीच्या ओळींसकट, स्वतःकडे ठेवा. पुढे एखाद्या खाजगी शाळेत डेमो तासाला बोलावलं आणि ‘तुमच्या अध्यापनात तुम्ही काय बदललंत?’ असं विचारलं, तर हीच टाचणं समोर ठेवता येतात.